सांडपाण्याचं केंद्र शेजारच्या गावाबरोबर वाटून घ्यायचं तर अडतं कुठे?

उतारकर

सांडपाणी प्रक्रियेतली एक गोष्ट कागदावर सगळ्यांना पटते आणि प्रत्यक्षात क्वचितच होते. केंद्र जितकं मोठं तितका दरडोई खर्च कमी. यंत्रसामग्रीचा जुना ठोकताळा असा, की क्षमता दुप्पट केली की खर्च साधारण दीडपट होतो. चोवीस तास ऑपरेटर ठेवायचा म्हटलं तर दोन एमएलडीच्या (म्हणजे रोज वीस लाख लिटरच्या) केंद्रालाही तीन पाळ्या लागतात आणि वीस एमएलडीच्या केंद्रालाही तीनच. असं असताना एकाच नदीच्या काठावरच्या, एकमेकींना खेटून असलेल्या नगरपालिका आपापलं चिमुकलं केंद्र घेऊन का बसतात?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. वाटणी होणार की नाही हे नळाच्या लांबीवर कमी आणि नगरपालिकेची घडी कशी बसवली आहे त्यावर जास्त ठरतं. निर्णय कोणाच्या सभेत होतो, मालमत्ता कोणाच्या नोंदवहीत आहे, पट्टी कोण ठरवतं आणि नगरपालिकांच्या वरची एखादी संस्था कायद्याने काढता येते का, हे चार प्रश्न सुटले की अभियंते बाकीचं बघून घेतात.

माझं आवडतं उदाहरण सिएटलचं. शेजारच्या लेक वॉशिंग्टन तळ्याभोवती १९५० च्या दशकात छोटी छोटी शहरं वाढली. त्यांची केंद्रं होती, काही बऱ्यापैकी चालतही होती. पण प्रक्रिया केलेल्या पाण्यात फॉस्फरस राहायचा, ते पाणी तळ्यात जायचं आणि शेवाळ माजायचं. एकट्या कुठल्याही शहराने कितीही पैसा ओतला असता तरी तळं सुधारणार नव्हतं, कारण उरलेले सगळे सोडतच राहणार. म्हणून ‘मेट्रो’ नावाची स्वतंत्र संस्था काढायचं ठरलं. मार्च १९५८ मध्ये मतदान झालं. सिएटल शहरात आणि शहराबाहेर असं दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत हवं होतं. सिएटलने हो म्हटलं, उपनगरांनी नाही. त्या प्रस्तावात सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि प्रादेशिक नियोजनही घातलं होतं आणि ‘मोठं शहर आपल्याला गिळणार’ ही भीती तिथून आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फक्त सांडपाणी ठेवून, हद्द आखडून पुन्हा मतदान घेतलं आणि ते मंजूर झालं. १९६३ ते १९६८ मध्ये सगळं सांडपाणी तळ्यापासून वळवलं आणि पुढच्या काही वर्षांत तळं स्वच्छ झालं.

तळं तेच, गावं आणि नळही जवळपास तेच. सहा महिन्यांत बदललं ते संस्थेचं स्वरूप. तुमचे अनुभव आणि विरोध दोन्ही येऊ द्या.

शंकेखोर

लेख आवडला, निष्कर्ष नाही. नळाच्या लांबीला तुम्ही फारच हलक्यात घेतलंय. केंद्राचा दरडोई खर्च आकार वाढला की कमी होतो, हे खरं. पण वाहिन्यांचं उलट असतं. गावं पांगलेली असली की जोडवाहिनी लांब होते, मध्ये टेकडी आली की पंपिंग स्टेशन आणि पंपिंग आलं की कायमचं वीजबिल. लांब वाहिनीत मैलापाणी तासन्‌तास राहिलं की सडतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीटच्या नळाचा माथा आतून खाल्ला जातो. हा खर्च पहिल्या दहा वर्षांत दिसतच नाही.

शिवाय वरच्या गावाचं पाणी तिथेच शुद्ध करून ओढ्यात सोडलं तर ओढा उन्हाळ्यात वाहता राहतो. तेच पाणी वीस किलोमीटर खाली नेलं तर मधला पट्टा कोरडा. तेव्हा प्रत्येक छोटं केंद्र म्हणजे राजकारणाचा अडाणीपणा, असं समजू नका.

उतारकर

@शंकेखोर, पांगलेल्या गावांबद्दल वाद नाही. माझा प्रश्न खेटून असलेल्या गावांचा आहे. आणि वाटणी म्हणजे केंद्रच एक केलं पाहिजे असंही नाही. माणसं, प्रयोगशाळा, गाळ, सुटे भाग यांची वाटणी व्हायला नळ लागतच नाही. मग तीही का होत नाही?

प्लांटवाली

या शेवटच्या प्रश्नावर मला बोलायलाच हवं, कारण रोजचं तेच काम आहे.

शेजारच्या केंद्राचा पंप बसला की फोन मला येतो. माझ्याकडे जादाचा पंप धूळ खात असतो. तो द्यायला पाच मिनिटं पुरेत. पण तो पंप नगरपालिकेच्या साठा नोंदवहीत आहे, दुसऱ्या नगरपालिकेच्या हद्दीत जाऊन जळला तर लेखापरीक्षणात आक्षेप माझ्या नावावर. सोबत फिटर पाठवला आणि त्याला तिथे इजा झाली तर भरपाई कोण देणार, त्याचा जादा कामाचा भत्ता कोणाच्या अंदाजपत्रकातून, गाडीच्या डिझेलचं काय? मग एकतर आपण तोंडी, ओळखीवर देतो आणि देव पाण्यात ठेवून बसतो, नाहीतर ‘टिप्पणी सादर करा’ म्हणतो आणि तोवर मैलापाणी नाल्यात.

यावर उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. कॅलिफोर्नियात १९८९ च्या भूकंपानंतर पाणी आणि सांडपाणी संस्थांनी परस्पर मदतीचं जाळं उभारलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालू झालं आणि पुढे, विशेषतः २००५ च्या कतरिना वादळानंतर, अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांत पसरलं. त्यात विशेष काही तंत्र नाही. एक करार असतो आणि सगळे आधीच सही करून ठेवतात. मदत मागायचा आणि पाठवायचा अधिकार कोणाला, परतफेड कुठल्या दराने, विमा कोणाचा आणि पाठवणाऱ्याला ‘आत्ता जमत नाही’ म्हणायची मुभा, एवढंच. ही शेवटची मुभा फार महत्त्वाची. ती नसेल तर कोणी सहीच करत नाही.

पण त्याच्याही आधीचं एक दुखणं आहे, ज्यावर वर कोणी बोललेलं नाही. एकाच नगरपालिकेच्या आत तरी वाटणी होते का? सक्शन गाडी आणि जेटिंग मशीन आरोग्य विभागाकडे, पावसाळी गटारं बांधकामाकडे, मलवाहिन्या आणि एसटीपी (प्रक्रिया केंद्र) पाणीपुरवठ्याकडे, वीजबिल लेखा विभागाकडे. एका चेंबरमधून पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरतंय हे मला केंद्रावर दिसतं, पण ते चेंबर माझं नाही. आधी घरातली भांडी एका फळीवर येऊ देत, मग शेजाऱ्याला वाटी देऊ.

जुना_बाबू

प्लांटवालीताईंशी शंभर टक्के सहमत. तीस वर्षं टिप्पण्या लिहिल्या, त्यातून एक सांगतो. विभाग या स्वरूपात सांडपाण्याचं काम असलं की त्याचा पैसा सर्वसाधारण निधीत मिसळतो. वर्षअखेरीला एसटीपीवर नक्की किती खर्च झाला हे कोणालाच सांगता येत नाही. घसारा तर कोणी धरतच नाही. आणि ज्याला स्वतःचा दर माहीत नाही तो शेजाऱ्याला दर काय सांगणार? ‘तुमचं पाणी आमच्याकडे सोडा’ एवढं म्हणायलाही प्रतिघनमीटर खर्च हातात लागतो.

डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने पाणी आणि सांडपाण्याचा कारभार नगरपालिकांच्या प्रशासनातून काढून नगरपालिकांच्याच मालकीच्या वेगळ्या कंपन्यांकडे दिला. खासगीकरण नव्हे, मालक नगरपालिकाच. पण हिशेब वेगळा झाला आणि कंपन्यांची एकमेकींशी तुलना सक्तीची झाली. माझ्या मते वाटणीची पहिली पायरी हीच, वेगळं खातं. कंपनी असलीच पाहिजे असं नाही, पण खातं वेगळं हवं.

आकडेमोड

उतारकर, तुमच्या चार प्रश्नांत पाचवा घालतो, कारण माझ्या पाहण्यात बोलणी तिथेच फिसकटतात. खर्च कशाच्या प्रमाणात वाटायचा?

दोन गावं घेऊ, क आणि ख. कोरड्या दिवशी दोघांचं सांडपाणी रोज प्रत्येकी १२ एमएलडी. लोकसंख्या सारखी, मैलाही सारखा. क ने वाहिन्या नीट ठेवल्यात, पावसात त्याचा प्रवाह १५ पर्यंतच जातो. ख च्या वाहिन्या फुटक्या, वर छपरांची पाणीजोडणी बेकायदा मलवाहिनीत. त्याचा प्रवाह पावसात ३६ होतो. वर्षाला ६० दिवस असे धरा.

आता सामाईक केंद्र बांधलं. प्रदूषणाच्या भारावर, म्हणजे बीओडीवर (मैला कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खातो त्याचं माप) खर्च वाटला तर ख चा वाटा ५० टक्के. वर्षाच्या सरासरी प्रवाहावर वाटला तर क चा प्रवाह सुमारे १२.५ आणि ख चा सुमारे १६, म्हणजे ख ला ५६ टक्के. सर्वोच्च प्रवाहावर वाटला तर ५१ पैकी ३६, म्हणजे ख ला जवळजवळ ७१ टक्के. गावं तीच, केंद्र तेच, आणि वाटा ५० पासून ७१ पर्यंत कुठेही. तिन्ही सूत्रं ‘न्याय्य’ आहेत असं शपथेवर सांगणारे सल्लागार मिळतात.

आणि हे नुसतं भांडणापुरतं नाही. सूत्र ठरलं की वागणं ठरतं. बीओडीवर वाटलं तर ख ला वाहिन्या दुरुस्त करायचं कारणच उरत नाही. पावसाच्या पाण्यात बीओडी जवळजवळ नसतो, पण टाकी आणि पंप त्याच पाण्याने भरतात. सर्वोच्च प्रवाहावर वाटलं तर ख करारच करणार नाही. म्हणून बरे करार दोन भाग करतात. बांधकाम आणि कर्जाचा भाग राखून ठेवलेल्या सर्वोच्च क्षमतेवर, चालवण्याचा भाग प्रवाह आणि भार यांच्या मिश्रणावर. मीटर हद्दीवर बसवायचा, तो दोघांनी मिळून तपासायचा.

अवांतर: जिथे वाहिनी एकाची आणि केंद्र दुसऱ्याचं, तिथे तर हे दुखणं कायद्यातच कोरलेलं असतं. नेदरलँड्समध्ये मलवाहिन्या नगरपालिकांकडे आणि प्रक्रिया जलमंडळांकडे. दोघांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. नगरपालिकेने पावसाचं पाणी वेगळं करायला रस्ते खणले तर फायदा जलमंडळाच्या केंद्राला, खर्च नगरपालिकेला. २०११ मध्ये त्यांना सगळ्यांना बसवून राष्ट्रीय करार करावा लागला. २०२० पर्यंत पाण्याच्या एकूण कारभारात वर्षाला ७५ कोटी युरो वाचवायचे, असं त्यात ठरलं आणि शेजारच्या नगरपालिका व जलमंडळ यांनी मिळून प्रादेशिक गट करून काम करायचं ठरलं. संस्था एक केल्या नाहीत.

शंकेखोर

@आकडेमोड, हे पटलं. सूत्राचा मुद्दा मूळ लेखापेक्षा जड आहे.

उतारकर

जड असू दे, आमच्याच बाजूचा आहे! सूत्र कोण ठरवतं हा पुन्हा मतांचाच प्रश्न. जर्मनीतलं एमशरचं उदाहरण इथे बसतं. एमशर नदीचं खोरं म्हणजे कोळशाच्या खाणी आणि पोलाद. जमीन खाणींमुळे खचायची, त्यामुळे जमिनीखाली मलवाहिन्या टिकायच्या नाहीत आणि सगळं मैलापाणी नदीतूनच वाहायचं. रोगराई ठरलेली. १८९९ मध्ये शहरं, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एमशर सहकारी संस्था काढली, जर्मनीतली अशी पहिली. १९०४ मध्ये तिला स्वतःचा कायदा मिळाला. सदस्यत्व ऐच्छिक नव्हतं, जो घाण करतो किंवा ज्याला कामाचा फायदा होतो तो सदस्य. वर्गणी त्या प्रमाणात आणि सभेतली मतं वर्गणीच्या प्रमाणात. प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून खोरं हीच हद्द धरली.

तिथे अभियंत्यांची एकच तुकडी सगळ्या गावांसाठी होती. कार्ल इमहॉफ याच संस्थेत होते आणि गाळ खाली बसवून कुजवणारी इमहॉफ टाकी तिथूनच जगभर गेली. एखाद्या एकट्या गावाला असा माणूस पगारावर ठेवता आला असता का? खाणी बंद झाल्यावर, १९९० च्या दशकापासून त्यांनी जमिनीखाली ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी टाकली आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. पिढ्या बदलल्या, संस्था तीच राहिली.

नदीकाठ

मतं वर्गणीच्या प्रमाणात, म्हणजे जो जास्त घाण करतो त्याला जास्त मतं. हे तुम्हाला खटकत नाही? एमशरमध्ये खाण कंपन्यांच्या हातात किती वजन गेलं असेल, विचार करा.

सिएटलचीही पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. मेट्रोच्या मंडळावर शहरांचे निवडून आलेले लोक पदसिद्ध बसायचे. १९९० मध्ये न्यायालयाने ती रचना घटनाबाह्य ठरवली, कारण प्रत्येक माणसाच्या मताला सारखं वजन मिळत नव्हतं. शेवटी १९९४ मध्ये मेट्रो किंग काउंटीत विलीन झाली. एका गावाला एक मत दिलं तर मोठं शहर चिडतं, लोकसंख्येवर दिलं तर छोटी गावं चिडतात, पैशावर दिलं तर सगळेच नागरिक बाहेर. यात चौथा पर्याय कोणाला सापडलाय का?

जुना_बाबू

चौथा पर्याय इंग्लंड-वेल्सने वापरला. वाटणी करायला लावायची भानगडच नको म्हणून सगळं काढूनच घेतलं. १९७३ चा कायदा, अंमल १ एप्रिल १९७४ पासून. त्याआधी मलनिस्सारण तेराशेहून जास्त स्थानिक संस्थांकडे विखुरलेलं होतं. ते आणि पाणीपुरवठा, नद्या वगैरे सगळं खोऱ्यांप्रमाणे दहा प्रादेशिक प्राधिकरणांकडे गेलं. तांत्रिकदृष्ट्या सुटसुटीत. पण नगरपालिकांकडे ना मालकी उरली ना आवाज, आणि १९८९ मध्ये तीच दहा प्राधिकरणं विकणं सरकारला सोपं गेलं. तेराशे नगरपालिका कोण विकू शकला असता?

फ्रान्समध्ये उलटा खेळ. २०१५ च्या कायद्याने पाणी आणि सांडपाणी गावांच्या समूहांकडे द्यायची सक्ती केली, मुदत २०२०. छोट्या गावांच्या महापौरांनी आरडाओरडा केला, मुदत २०२६ पर्यंत ढकलली आणि २०२५ मध्ये सक्तीच रद्द झाली. ज्यांनी आधीच दिलं होतं त्यांचं तसंच राहिलं. डोंगरी गावांचं म्हणणं असं, की आमचा झरा आणि आमची टाकी आम्ही फुकटात सांभाळतो, समूहात गेलो की पट्टी दुप्पट. हिशेब बघितला तर काही ठिकाणी ते खरंही होतं, कारण ती गावं जुने नळ बदलण्यासाठी पैसाच बाजूला टाकत नव्हती. पट्टी कमी दिसते ती त्यामुळे.

प्लांटवाली

गिळून टाकणं आणि एकटं राहणं यांच्या मधलं पाहायचं तर स्वीडनकडे बघा. हेल्सिंगबोर्ग आणि आसपासच्या काही नगरपालिकांनी २००९ मध्ये एक सामाईक कंपनी काढली. माणसं, यंत्रं, प्रयोगशाळा, रात्रपाळीची हजेरी, निविदा हे सगळं कंपनीचं. वाहिन्या आणि केंद्रं मात्र ज्या त्या नगरपालिकेच्याच मालकीची आणि पट्टीही प्रत्येक सभा आपली आपण ठरवते. तिथल्या कायद्याप्रमाणे पट्टी खर्चापेक्षा जास्त लावता येत नाही आणि एका गावाच्या पैशाने दुसऱ्या गावाची वाहिनी दुरुस्त होत नाही. त्यामुळे ‘आमचा पैसा शेजाऱ्याच्या खड्ड्यात’ ही भीती जागेवरच मरते. गैरसोयही तीच, कंपनीला प्रत्येक गावाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि गरीब गाव गरीबच राहतं.

आमच्यासारख्यांना खरी गरज आहे ती माणसांची. पंप विकत मिळतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली गाळ बघून उद्या टाकीला काय होणार ते सांगणारा माणूस मिळत नाही. छोट्या केंद्राला तो पूर्णवेळ परवडत नाही. पाच केंद्रांत एक असला तरी पाचही केंद्रं सुधारतात.

आकडेमोड

गाळाचाही विचार करा. नळ न जोडता वाटून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. झुरिच परगण्यात केंद्रं नगरपालिकांची किंवा त्यांच्या संघांची वेगवेगळी, पण २०१५ पासून सगळ्या परगण्याचा गाळ वेर्डहोल्झलीच्या एकाच भट्टीत जातो, वर्षाला सुमारे एक लाख टन. गाळ इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा जाळायचा, म्हणजे राखेतून फॉस्फरस काढता येतो. स्वित्झर्लंडमध्ये गाळ शेतात टाकायला बंदी आहे, त्यामुळे प्रत्येकाला कुठेतरी जाळावा लागणारच होता. वरून नियम कडक झाला की खालची वाटणी आपोआप सुचते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या सांडपाणी निर्देशातही तेच होणार. औषधांचे अंश काढणारी चौथी पायरी मोठ्या केंद्रांना लागणार आणि तिच्या खर्चातला किमान ८० टक्के भाग औषध व सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांकडून यायचा आहे.

नदीकाठ

वाटणीच्या उत्साहात एक बातमी विसरू नका. २८ जानेवारी २०२५, जपानमधलं याशिओ. चौरस्त्यात रस्ता खचला, ट्रक आत गेला, चालकाचा मृत्यू झाला. खाली ४.७५ मीटर व्यासाची मलवाहिनी होती, सुमारे चाळीस वर्षं जुनी. ही खोरे-पातळीची सामाईक वाहिनी, चालवणारं परगणा सरकार. परिणाम असा, की १२ शहरं-गावांतल्या जवळजवळ १२ लाख लोकांना पाणी कमी वापरा, आंघोळ-धुणं टाळा अशी विनंती करावी लागली. शंकेखोर यांनी वर सांगितलेला हायड्रोजन सल्फाइड इथे तंतोतंत लागू. छोटी केंद्रं असती तर एक गाव अडचणीत आलं असतं.

शंकेखोर

धन्यवाद. म्हणूनच म्हणतो, सामाईक नळाला पर्यायी नळ हवा. पण पर्यायी नळाचा खर्च धरला की ‘मोठं म्हणजे स्वस्त’ हे गणित परत बदलतं, आणि प्रकल्प अहवालात तो खर्च कधी दिसत नाही.

वाचनमात्र

मी एरवी फक्त वाचतो. आमच्या सभेत असाच प्रस्ताव यायचा आहे, आम्ही लहान गाव, शेजारी मोठं. एकच विचारतो, एकदा आत गेलो आणि पटलं नाही तर बाहेर पडता येतं का?

जुना_बाबू

कागदावर हो, प्रत्यक्षात जवळजवळ नाही. तुमचं जुनं केंद्र पाडलं की परतीचा रस्ता गेला, आणि हे शेजाऱ्याला माहीत असतं. म्हणून घासाघीस सही करायच्या आधीच करायची. क्षमता ‘वापरू देऊ’ अशी नको, अमुक एमएलडीचा हक्क म्हणून लिहून घ्या, न वापरलेली दुसऱ्याला विकता येईल या अटीसह. कर्जात तुमचा वाटा किती आणि कधी फिटतो तो तक्ता जोडपत्रात. नव्या वस्तीला जोडणी द्यायची की नाही हे शेजाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका, नाहीतर तुमच्या गावाचा विकास आराखडा तो लिहील. विस्तार आणि दरवाढीला तुमची संमती लागेल अशी एक यादी करा, पण ती छोटी ठेवा, सगळ्यालाच नकाराधिकार मागितला तर कोणी ऐकणार नाही. जुन्या केंद्राची जागा विकू नका, पावसाळी पाणी साठवायची टाकी तिथेच होते. आणि सूत्राचं दर पाच वर्षांनी फेरमोजमाप.

आकडेमोड

+१. सही करण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा हद्दीवर मीटर लावून ठेवा, दोन्हीकडे. वरच्या उदाहरणातले तुम्ही क आहात की ख, हे त्याशिवाय कळणार नाही.

वाचनमात्र

मीटर आत्ता कोणाच्या खर्चाने लावायचा?

प्लांटवाली

निम्मा-निम्मा. शेजारी तेवढ्यालाही तयार नसेल तर पुढच्या वाटाघाटीचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल. भाड्याने मिळतात, वाहिनीत बसवायचे असतात, खोदकाम लागत नाही. फक्त चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी गॅस तपासल्याशिवाय कोणालाही उतरवू नका, करारात काहीही लिहिलेलं असो.